सॅराटोगा अव्हेन्यू, नंबर सात: जागा मालकाची, माणसं कोणाची?

जोहान्सबर्गच्या बेरिया भागात सॅराटोगा अव्हेन्यूवर सात नंबरची एक जुनी, मोडकळीला आलेली व्यापारी मिळकत होती. काही ऑफिसच्या खोल्या, कारखान्याचा एक भाग, मोटारींची गॅरेजेस. राहण्यासाठी ती बांधलीच नव्हती, तरी तिथे लहान मुलं धरून 86 माणसं राहत होती. 2004 मध्ये ब्ल्यू मूनलाइट प्रॉपर्टीज नावाच्या कंपनीने ती मिळकत नव्याने विकसित करण्यासाठी विकत घेतली. मालकीबद्दल कसलाही वाद नव्हता. आत राहणाऱ्यांपैकी एकाकडेही तिथे राहण्याचा कायदेशीर आधार उरला नव्हता. एवढं सगळं मान्य असूनही त्या माणसांना बाहेर काढण्याचा खटला 2006 पासून 2011 पर्यंत चालला आणि दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयापर्यंत, म्हणजे घटनेच्या प्रश्नांवर ज्याचा शब्द अखेरचा त्या न्यायालयापर्यंत, गेला.

खाजगी जागेत राहणाऱ्या बेघर माणसाला कायद्याने नेमकं काय मिळतं, हे समजून घ्यायचं असेल तर या खटल्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं दिसत नाही. या प्रश्नावर लोक चटकन दोन टोकं गाठतात. एक म्हणतो, जागा त्याची आहे, त्याने आज बाहेर काढावं. दुसरा म्हणतो, इतकी वर्षं राहिले, आता जागा त्यांचीच. न्यायालयाने दोन्ही म्हणणी फेटाळली आणि त्या दोघांच्या मध्ये बसलेल्या तिसऱ्याकडे, म्हणजे महापालिकेकडे, बोट दाखवलं.

ही माणसं तिथे आली कशी

कुलूप फोडून रातोरात शिरलेली ही माणसं नव्हती. एके काळी त्यांचं राहणं कायदेशीर होतं, ती भाडं भरत होती. पुढे मालक बदलला, भाडेकरार संपवले गेले आणि कालचा भाडेकरू आज बेकायदा कब्जेदार ठरला. बेघरपणाचा विचार करताना ही गोष्ट हटकून नजरेआड होते. ‘घुसखोर’ हा शब्द उच्चारला की माणूस भिंतीवरून उडी मारून आला असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. प्रत्यक्षात माणूस जागच्या जागी असतो, त्याच्या भोवतीचे कागद तेवढे बदललेले असतात.

बहुतेकांचं पोट असंघटित कामावर होतं: फेरीची विक्री, घरकाम, मिळेल ती मजुरी. अशा कामाला शहराच्या मध्याजवळ राहावंच लागतं. लांबच्या वस्तीत खोली मिळाली तर येण्याजाण्याच्या भाड्यातच दिवसाची कमाई संपते. म्हणून ‘कुठेतरी दुसरीकडे जा’ हे सांगणं वाटतं तितकं साधं नसतं. न्यायालयानेही पुढे आदेशात पर्यायी जागा शक्य तितकी जवळ असावी असं म्हटलं, त्याचं कारण हेच.

मालकाच्या हातात काय आणि काय नाही

वर्णभेदाच्या काळात, 1951 च्या कायद्याखाली, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर राहणं हा गुन्हा होता आणि झोपड्या न्यायालयाची पायरी न चढताही पाडता येत. 1996 च्या राज्यघटनेने हे उलटवलं. कलम 26 म्हणतं की पुरेसं घर मिळवण्याची संधी प्रत्येकाला असली पाहिजे, आणि त्यासाठी शासनाने आपल्या साधनांच्या मर्यादेत वाजवी उपाय केले पाहिजेत. त्याच कलमाचा तिसरा भाग या खटल्याच्या मुळाशी आहे: सर्व परिस्थिती तपासून दिलेल्या न्यायालयीन आदेशाशिवाय कोणालाही त्याच्या घरातून काढता येणार नाही. तिथे ‘घर’ म्हटलं आहे, ‘मालकीचं घर’ म्हटलेलं नाही. गॅरेजमध्ये चूल मांडून कुणी वर्षानुवर्षं राहत असेल, तर या कलमापुरतं ते त्याचं घर.

या कलमाला हातपाय दिले ते 1998 च्या एका कायद्याने. बेकायदा कब्जेदारांना काढायची रीत त्यात सांगितली आहे. मालकाने न्यायालयात अर्ज करायचा. सुनावणीच्या किमान 14 दिवस आधी राहणाऱ्यांना आणि महापालिकेला लेखी नोटीस गेली पाहिजे. ती नोटीस नुसती दारावर डकवून भागत नाही, ती परिणामकारक हवी. सुनावणी कधी, काढण्याची कारणं काय, तुम्हाला हजर राहून आपली बाजू मांडता येईल, सरकारी कायदेशीर मदत मागता येईल, हे सगळं तिच्यात असायला हवं. त्यानंतर न्यायालयाने एकच प्रश्न विचारायचा: या माणसांना काढणं न्याय्य आणि समतोल ठरेल का? राहणं सहा महिन्यांहून जास्त असेल, तर त्यांच्यासाठी दुसरी जागा आहे का, महापालिका ती देऊ शकेल का, हेही पाहावं लागतं. म्हातारी माणसं, मुलं, अपंग, बाईच्या जिवावर चालणारी घरं यांचा वेगळा विचार करावा लागतो.

आदेशाशिवाय माणसं हुसकावणं हा याच कायद्याखाली गुन्हा आहे, दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. मालकांना हे फार जाचक वाटतं, हे मला समजतं. पण दुसरा रस्ता कसा दिसतो तेही पाहायला हवं. प्रिटोरियाच्या मोरेलेटा पार्कमध्ये शासकीय यंत्रणेने मोकळ्या जागेवरची पालं कसलाही आदेश न घेता पाडली आणि सामान जाळून टाकलं. 2007 मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने (हे संविधान न्यायालयाच्या खालोखालचं) त्याच यंत्रणेला पुन्हा निवारे उभारायला लावले. पाडलेल्या पालांइतका आसरा आणि आडोसा देणारे, आणि पुढे कायदेशीर आदेश झाला तर उकलून नेता येतील असे. ‘उकलून नेता येतील असे’ या चार शब्दांत सगळा कायदा आला आहे. राहणाऱ्याला जमीन मिळाली नाही, पण जे बेकायदा मोडलं ते त्याला परत मिळालं.

सॅराटोगा अव्हेन्यूच्या मालकाने असा दांडगाईचा रस्ता धरला नाही. कंपनी सरळ उच्च न्यायालयात गेली, आणि तिथूनच या प्रकरणाला वेगळं वळण लागलं.

महापालिका आली

रहिवाशांच्या वकिलांनी महापालिकेला खटल्यात सामील करून घ्यायला लावलं. ऐकायला ही तांत्रिक बाब वाटते, पण माझ्या मते सगळा खटला तिथेच फिरला. तोवर भांडण दोघांत होतं आणि दोघांच्या भांडणात एकाला पडावंच लागतं. मालक जिंकला तर 86 माणसं फुटपाथवर. रहिवासी जिंकले तर एका खाजगी कंपनीने शहराच्या गरिबीचा भार बेमुदत उचलायचा. या दोन्हींपैकी काहीही न्याय्य नाही. महापालिका आल्यावर प्रश्न बदलला. ‘कोण जिंकणार’ हा मागे पडला आणि ‘ही माणसं उद्या झोपणार कुठे आणि ते बघणं कोणाचं काम’ हा पुढे आला.

महापालिकेचं धोरण तेव्हा असं होतं की, धोकादायक इमारतीतून महापालिकेने स्वतः माणसं हलवली तर त्यांना तात्पुरता निवारा द्यायचा, आणि खाजगी मालकाने न्यायालयातून काढलं तर द्यायचा नाही. याच्या समर्थनासाठी तिच्याकडे मुद्दे होते आणि ते पोकळ नव्हते. पैसा अपुरा आहे. आणीबाणीच्या घरांचा निधी प्रांताने द्यायचा असतो, तो मागितला होता, मिळाला नाही. प्रत्येक खाजगी मालकाचे कब्जेदार आम्ही घेत बसलो तर लोक भरलेल्या इमारती स्वस्तात घेतील, रिकामी करण्याचा खर्च आमच्या गळ्यात टाकतील आणि नफा स्वतः नेतील. आणि घरांच्या यादीत वर्षानुवर्षं थांबलेल्यांच्या पुढे ही माणसं घुसतील.

यातला नफ्याचा मुद्दा मला आजही बोचतो. शहराच्या मध्यातल्या पडक्या इमारती घेऊन त्या चकाचक करण्याचा धंदा जगभर चालतो आणि त्याची किंमत बहुतेकदा आत राहणारेच मोजतात. पण या मुद्द्याचं उत्तर मालकाला आवर घालण्यात शोधलं पाहिजे. निवारा नाकारला तर त्या मालकाला काहीच तोशीस पडत नाही. जे पडायचं ते गॅरेजमधल्या कुटुंबावर पडतं.

उच्च न्यायालयाने 2010 मध्ये रहिवाशांना जागा सोडायला सांगितलं, महापालिकेचं धोरण चूक ठरवलं आणि मालकाचं भाड्याइतकं नुकसान महापालिकेने भरून द्यावं असाही आदेश दिला. अपिलात भरपाईचा भाग टिकला नाही, बाकीचं टिकलं. महापालिका संविधान न्यायालयात गेली.

1 डिसेंबर 2011

त्या दिवशी न्यायमूर्ती व्हान डेर वेस्टहेझन यांनी लिहिलेला एकमताचा निकाल आला.

मालकाबद्दल न्यायालयाने काय म्हटलं ते आधी, कारण तेच सगळ्यात जास्त विपर्यस्त सांगितलं जातं. मालकी हा घटनेने राखलेला हक्क आहे, कलम 25 तेच सांगतं. कोणत्याही मालकाने बेघरांना आपल्या जागेत फुकट आणि कायमचं ठेवावं अशी अपेक्षा करता येणार नाही. पण काही प्रसंगी मालकाला थोडा धीर धरावा लागेल आणि जागा वापरण्याचा त्याचा हक्क काही काळ आखडला जाईल. या प्रकरणात तो धीर का मागता येतो? कंपनीने जागा घेतली तेव्हा आत माणसं राहतात हे तिला माहीत होतं. जागा तिला धंद्यासाठी हवी होती. आणि जागा आज मिळाली नाही म्हणून कंपनी स्वतः बेघर होणार नव्हती. न्यायालयाने मुद्दाम नोंदवलं की, राहायला येऊ पाहणारं एखादं कुटुंब मालक असतं तर तराजूत दुसरं वजन पडलं असतं.

हा तराजू लक्षात घेण्यासारखा आहे. ‘खाजगी जागा’ म्हणून सगळ्या जागा एका मापाने मोजायच्या नाहीत. म्हाताऱ्या बाईच्या परसातली खोली वेगळी आणि गुंतवणूक म्हणून घेतलेली रिकामी इमारत वेगळी. तसंच राहणाऱ्यांचंही. दहा वर्षं राहिलेला आणि कालच आलेला, दुसरीकडे सोय असलेला आणि नसलेला, यांच्यात फरक करावाच लागतो.

महापालिकेला मात्र न्यायालयाने कडक शब्दांत सुनावलं. आम्ही अंदाजपत्रकात तरतूद केली नव्हती, हे उत्तर होऊ शकत नाही, जर ती तरतूद करणं हेच तुमचं काम होतं. प्रांताकडून निधी आला नाही तरी आपल्या शहरात अशी पाळी येणार हे ओळखून स्वतःच्या पैशातून तयारी करणं महापालिकेचं कर्तव्य आहे. आणि काढलं कोणी यावरून बेघरांच्या दोन जाती पाडणं घटनेत बसत नाही. महापालिकेने धोकादायक इमारतीतून हलवलेला माणूस आणि मालकाने न्यायालयातून काढलेला माणूस, दोघंही रात्री सारखेच उघड्यावर असतात. खाजगी मालकाकडून निघालेल्यांना वगळण्यापुरतं महापालिकेचं धोरण घटनाबाह्य ठरलं.

आदेश असा: रहिवाशांनी जागा सोडायची आहे. मुदत एप्रिल 2012 ची. पण जागा सोडण्याच्या तारखेच्या 14 दिवस आधी महापालिकेने तात्पुरता निवारा तयार ठेवायचा, शक्य तितका त्याच परिसराजवळ. बाहेर पडण्याआधी आपल्याला खरोखर जागा मिळाली आहे हे माणसांनी डोळ्यांनी पाहावं, सामान हलवण्याची तजवीज करावी, एवढ्यासाठी ते दोन आठवडे. ज्याने कधी घाईघाईत बिऱ्हाड हलवलं असेल त्याला या दोन आठवड्यांचं मोल कळेल.

मालकाला जागा मिळाली, रहिवाशांना निवाऱ्याचा हुकूम मिळाला. त्यांना जे मिळालं नाही तेही स्पष्टच आहे: त्या इमारतीवर कसलाही हक्क नाही, कायमचं घर नाही, मालकाकडून एक रँडही नाही.

आजूबाजूचे दोन-तीन निकाल

हा निकाल आभाळातून पडला नव्हता. पोर्ट एलिझाबेथच्या एका खाजगी पडीक जमिनीवर 29 झोपड्यांत 68 माणसं राहत होती, त्यांत 23 मुलं. आसपासच्या 1,600 लोकांनी सह्या करून त्यांना हटवण्याची मागणी केली आणि महापालिका त्यांच्या वतीने न्यायालयात गेली. 2004 मध्ये संविधान न्यायालयाने नकार दिला, कारण त्या माणसांशी कोणी गांभीर्याने बोललंच नव्हतं. उलट टोकाचं उदाहरण मॉडरक्लिप शेताचं. तिथे सुमारे 40,000 लोक एका शेतकऱ्याच्या जमिनीवर वसले. त्याने न्यायालयाचा आदेश मिळवला, पण तो अमलात आणायचा तर आधी 18 लाख रँड अनामत भरा, असं त्याला सांगण्यात आलं. 2005 मध्ये न्यायालयाने ठरवलं की हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकता येणार नाही, शासनाने त्याला भरपाई द्यावी, आणि पर्यायी जमीन मिळेपर्यंत माणसं तिथेच राहतील. म्हणजे मालकाचं दुःखही न्यायालयाने मनावर घेतलं होतं. सॅराटोगाच्या निकालाला मालकविरोधी म्हणणाऱ्यांनी हा निकाल शेजारी ठेवून वाचावा.

आणखी एक, 2017 मधला, त्याच बेरियातला. एका इमारतीतल्या 184 रहिवाशांच्या वतीने काही जणांनी न्यायालयात ‘आम्ही जागा सोडायला तयार आहोत’ असं सांगून टाकलं आणि त्या संमतीवर आदेशही झाला. संविधान न्यायालयाने तो रद्द केला. आपल्याला निवारा मागण्याचा हक्क आहे हे ज्याला माहीतच नाही त्याची संमती ही संमती नव्हे, आणि कब्जेदारांनी ‘हो’ म्हटलं तरी परिस्थिती तपासण्याचं न्यायाधीशाचं काम सुटत नाही. अशा प्रकरणांत राबणाऱ्या कोणालाही विचारा, सगळ्यात जास्त माणसं याच जागी फसतात. समोर कागद येतो, कोणीतरी सांगतं ‘इथे सही कर, त्रास होणार नाही’, आणि माणूस सही करतो.

निवारा मिळाल्यावर

प्रकरण इथे मिटलं असतं तर बरं झालं असतं. एप्रिल 2012 ची मुदत महापालिकेने पाळली नाही. त्यानंतर सॅराटोगाच्या काही रहिवाशांना एकुथुलेनी नावाच्या निवाऱ्यात हलवलं गेलं. झुलू भाषेत या शब्दात शांततेचा अर्थ आहे. हा निवारा रात्रीपुरता आसरा देण्याच्या पद्धतीने चालायचा, आणि तेच नियम या माणसांनाही लागू झाले. सकाळी 8 वाजता सगळ्यांनी बाहेर पडायचं. संध्याकाळी साडेपाचपर्यंत आत यायचं नाही. रात्री 8 ला फाटक बंद. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, नवरा-बायकोही वेगवेगळ्या दालनांत.

हे नियम एकेक करून माणसावर लावून पाहा. रात्रपाळी करून सकाळी सातला परतलेल्याने झोपायचं कुठे? ताप आलेल्या पोराला घेऊन आईने साडेनऊ तास कुठे बसायचं? कामावरून निघायला उशीर झाला आणि आठ वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी पोचलं तर? बाप पलीकडच्या दालनात, आई अलीकडच्या, मग पोरांनी कोणाकडे जायचं? गॅरेजमध्ये राहत होते तेव्हा या माणसांना पाणी, संडास, उजेड सगळ्याचीच अडचण होती. पण दार त्यांचं होतं. ते कधी उघडायचं आणि कधी लावायचं हे तीच ठरवत.

हे लोक पुन्हा न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने 2014 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, 2016 मध्ये अपिलात तो फिरला. महापालिकेचं म्हणणं असं की तात्पुरत्या निवाऱ्याला शिस्त लागतेच आणि सोय मर्यादित आहे. शिस्त लागते, यात वाद नाही. पण दिवसा दाराबाहेर काढून ठेवणं आणि कुटुंब मोडणं ही कसली शिस्त? संविधान न्यायालयाच्या बहुमताने हे दोन्ही नियम घटनाबाह्य ठरवले. माणसाची प्रतिष्ठा, त्याच्या शरीराचं स्वातंत्र्य आणि सुरक्षितता, आणि त्याचं खाजगीपण, या तिन्ही हक्कांना ते बाधा आणतात असं म्हटलं. निकालाची तारीख होती 1 डिसेंबर 2017. पहिल्या निकालाला त्या दिवशी बरोबर सहा वर्षं झाली होती, आणि ‘तात्पुरत्या’ निवाऱ्यात येऊन त्या माणसांना पाच.